सतरा माणकांचं खोटं

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला लोक दोन प्रश्न विचारतात. एक, कधी मिळेल? आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, हे ओरिजिनल आहे का? पहिल्याचं उत्तर मी आयुष्यभर 'मंगळवारी या' असं दिलं. दुसऱ्याचं उत्तर देताना एकदा खोटं बोलले. त्याबद्दल आजवर कुठे बोलले नव्हते. आता काउंटरवर बसत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आमचं घर अंबरनाथला, आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये लछमनदास शेठच्या घड्याळाच्या दुकानात वडिलांचं टेबल. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांनी तिथे वीस वर्षं काम केलं. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि चिमट्यात धरलेला स्क्रू त्यांना दिसेनासा झाला. मी शाळेत असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून शिकलेली. ऐंशीच्या सुमाराला एका सोमवारी मी त्यांच्या जागेवर जाऊन बसले. शेठ सिंधी, अण्णांच्याच वयाचे. त्यांनी पहिल्या दिवशी मला 'अदी' म्हणून हाक मारली, म्हणजे ताई, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. गिऱ्हाइकांना मात्र वेळ लागला.

"कारागीर कुठे गेलेत?"

"मीच कारागीर."

"ते ठीक आहे, पण घड्याळ उघडणार कोण?"

मीच उघडायचे. पहिले सहा महिने लोक माझ्या हातांकडे असे बघायचे, जसं काही मी पोळी लाटता लाटता चुकून चिमटा उचललाय.

आता ज्यांनी घड्याळ कधी उघडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चावीच्या घड्याळात एक मोठी कमान, म्हणजे स्प्रिंग, असते, ती आपण चावी देऊन आवळतो. ती सुटताना चाकं फिरतात, आणि केसाहून बारीक अशी दुसरी एक कमान त्या फिरण्याला लगाम घालते. चाकांचे आस जिथे टेकतात तिथे धातूवर धातू झिजू नये म्हणून माणकाचे बारीक खडे बसवतात. सतरा माणकं असली की मशीन चांगलं समजायचं. त्या खड्यांना सोनाराकडे काही किंमत नाही, काम मात्र खरं करतात.

मग महागड्या स्विस घड्याळात वेगळं काय? मी पहिलं तसलं घड्याळ उघडून सगळं सुटं केलं. आतल्या एका चाकाची खालची बाजू दिसली. ती बाजू घालणाऱ्याला कधीच दिसत नाही, पाच-सहा वर्षांतून एकदा दुरुस्त करणाऱ्याला दिसते. तिलाही आरशासारखं पॉलिश होतं. कुठल्या तरी परक्या गावातल्या कारागिराने ते माझ्यासाठी केलं होतं, असं मला त्या दिवशी वाटलं. शिवाय चाळीस वर्षांनी एखादा भाग बदलायचा झाला तर नवा भाग बोटाने ढकलल्यासारखा बसतो. माझ्या मते किमतीचा एक हिस्सा या कामाचा. बाकीचा नावाचा, मखमली डबीचा, आणि बाही थोडी वर सरकवून बसण्याच्या सुखाचा. वेळेचं म्हणाल तर सेलवर चालणारं फुटपाथवरचं घड्याळ या सगळ्यांपेक्षा अचूक. नुसत्या वेळेसाठी महागडं घड्याळ कुणी घेत नाही.

आमच्या दुकानात खरा माल वरच्या काचेत असे आणि डुप्लिकेट खालच्या खणात. केस, म्हणजे बाहेरचं कवच, एका कारखान्यातून यायची, डायल कॅम्प पाचमधल्या एका खोलीत छापून यायची. तुम्ही म्हणाल त्या कंपनीचं नाव. एकदा एका बिल्डरने डुप्लिकेट हातात तोलून तक्रार केली, "वजन नाही लागत याला. ओरिजिनल जड असतं." शेठने माझ्याकडे पाहिलं. मी केसच्या आत शिशाची एक कडी बसवून दिली. तो गृहस्थ इतका खूश झाला की दिवाळीला मिठाई घेऊन आला.

तर डुप्लिकेट जोडायची मीच. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, मग फसलं कोण, असा माझा हिशोब होता.

चव्हाण नावाचे एक गृहस्थ अण्णांच्या ओळखीचे होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर. त्यांच्या शोभाचं लग्न बदलापूरला ठरलं. मुलगा मुंबईला ऑफिसात. मुलाच्या आईने हुंडा मागितला नव्हता. एवढंच म्हणाली होती, की आमच्या नंदूला फॉरेनचं घड्याळ घाला, आणि कंपनीचं नावही सांगितलं होतं. चव्हाणांनी वरच्या काचेतल्या घड्याळाचा भाव विचारला. शेठने सांगितला. चव्हाणांचा हात खिशाकडे गेला आणि रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं.

मग ते माझ्या टेबलाशी आले. "ताई, दिसायला तसंच द्या. पण चालायला खोटं नको हो. जावई रोज ऑफिसला जाणार."

स्वतः टर्नर असल्यामुळे बारीक कामातला फरक त्यांना कळत होता. मी त्या घड्याळावर आठ दिवस घालवले. आपल्याच देशात बनलेलं एक जुनं सतरा माणकांचं मशीन घेतलं, सगळं सुटं करून धुतलं, तेल दिलं, उभं-आडवं-पालथं ठेवून वेळ जुळवली. दिवसाला पाच सेकंद पुढे जायचं, याहून चांगलं त्या मशीनकडून कुणी काढून घेतलं नसतं. त्यावर परदेशी नावाची डायल चढवली. चव्हाणांनी ते कानाला लावून डोळे मिटले.

"खऱ्यात आणि यात फरक काय राहिला मग?"

"नाव तेवढं खोटं आहे," मी म्हटलं. दोघंही हसलो.

यानंतर साधारण पाच वर्षांनी, एका शनिवारी दुपारी, तिशीचा एक माणूस बायकोला घेऊन दुकानात आला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मी बघताक्षणी ओळखलं. बायको मागे उभी राहिली. ती शोभा, हे मला न सांगता कळलं, वडिलांचाच चेहरा होता.

"हे तुमच्या दुकानातून माझ्या सासऱ्यांनी घेतलंय," नंदकुमार म्हणाला. "परवा ऑफिसात एकाने बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, हे तर उल्हासनगर मेड आहे. लोक हसले. उघडा. माझ्यासमोर उघडा."

माणूस वाईट नव्हता. दुखावला होता. चारचौघांत हसं झालेल्या माणसाचा आवाज असतो तसा त्याचा आवाज होता.

मी झाकण उघडलं. दुरुस्त करणारे झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण ओरखडतात. तिथे माझा 'प' होता, पद्माचा, आणि दुसरी एकही खूण नव्हती. तेल पार वाळलं होतं. पाच वर्षांत याला कुणाचा हात लागला नव्हता, तरी बिचारं चालत होतं. मी डोळ्याला भिंग लावून गरजेपेक्षा जास्त वेळ आत बघत बसले, कारण मला विचार करायला वेळ हवा होता. ओरिजिनल आहे म्हणावं, तर हा उद्या मुंबईत दाखवणार. खरं सांगावं, तर सासऱ्याने जावयाच्या हातात खोटं बांधलं हे संध्याकाळी बदलापूरच्या घरात पोचणार, आणि ते ऐकून घ्यायला घरात शोभा असणार. टिकेल असं एकच खोटं मला दिसत होतं.

"हे स्विस नाही," मी म्हटलं.

"म्हणजे सासऱ्यांनी मला फसवलं."

"नाही. त्यांनी पैसे खऱ्याचे मोजले. मी त्यांना हे दिलं."

शेठ काउंटरवर नोटा मोजत होते, ते थांबले.

"तुम्ही?" नंदकुमार म्हणाला. "पावती असेल ना त्यांच्याकडे?"

"पावती मागणाऱ्याला कुणी फसवतं का?"

"बाईमाणूस असून? लाज नाही वाटली?"

"वाटते," मी म्हटलं. 'हे स्विस नाही' सोडलं तर त्या दुपारचा तेवढा एकच शब्द खरा होता. "आठ दिवसांनी या. खरं घड्याळ देते."

तो घड्याळ तिथेच टाकून निघाला. शोभा क्षणभर थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती, उघड्या मशीनकडे बघत होती. मग नवऱ्याच्या मागे गेली.

शेठने शटरजवळ जाऊन ते दोघं लांब गेल्याची खात्री केली आणि परत आले. "अदी, नाम किसका डूबा? दुकान तो मेरा है."

"चूक झाली, शेठ."

"देखो. ग्राहक से झूठ बोलना धंदा है. ग्राहक के लिए झूठ बोलना घाटा है. अण्णाने ये नहीं सिखाया?" त्यांनी वरच्या काचेकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. "और मेरे माल में से कुछ नहीं मिलेगा."

ते मी मागणारच नव्हते. अण्णांचं एक घड्याळ होतं. भंगारात निघालेल्या, पाण्यात बुडालेल्या, काच फुटलेल्या नंदकुमारच्या डायलवर नाव होतं त्याच कंपनीच्या घड्याळांतून त्यांनी आठ-नऊ वर्षांत एकेक भाग जमवून ते उभं केलं होतं. डायल एकाची, केस दुसऱ्याची, चाकं तिघांची. प्रत्येक भाग अस्सल, आणि सगळं मिळून ते कुठल्याच कारखान्यात बनलेलं नव्हतं. घरात आम्ही त्याला गोधडी म्हणायचो.

रात्री जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. ते ताटातला घास चाचपडत ऐकत होते.

"तू जोडलेलं किती पुढे जातं?"

"पाच सेकंद. तेल वाळलंय तरी पंधराच्या आत आहे."

"पाच वर्षांनी? मग तेच चांगलं की." थोडा वेळ ते जेवत राहिले. "गोधडी घेऊन जा. मला आता काटे कुठे दिसतात. पण देण्याआधी तेल घाल, आणि मला एकदा ऐकव."

मी ऐकवलं. बराच वेळ त्यांनी ते कानापासून काढलं नाही.

मधल्या काळात चव्हाण दुकानात आले. त्यांना जावयाकडून कळलं होतं. बाकावर बसून टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, मी जाऊन खरं सांगतो."

"आता सांगाल तर तुम्हीही खोटे आणि मीही खोटी. राहू दे."

"तुमचं नाव गेलं की हो."

"मी इथेच बसून आहे, परत मिळवीन."

ते बसूनच राहिले. चहा मागवला, तो अर्धा प्यायले आणि उठून गेले. त्यानंतर मला रस्त्यात भेटले की ते थांबून नमस्कार करायचे, आणि मला तो नको असायचा.

नंदकुमार ठरल्या दिवशी आला, घड्याळ घेऊन गेला, आणि आठवड्याने मुद्दाम परत आला. मुंबईत एका मोठ्या दुकानात दाखवलं होतं. "एकदम ओरिजिनल म्हणाले. सगळे पार्ट कंपनीचे." हे त्याने मला ऐकवण्यासाठीच सांगितलं. मी 'बरं' म्हटलं.

नाव परत मिळवणं मात्र सोपं गेलं नाही. बदलापूरहून येणारी गिऱ्हाइकं आता घड्याळ ठेवून जाईनात, समोर बसून राहायची. एका बाईंनी नवऱ्याला माझ्यादेखत सांगितलं, "आतली माणकं मोजून घ्या हो आधी, आणि न्यायला याल तेव्हा परत मोजा." त्याने खरंच मोजली. जवळजवळ वर्षभर हे चाललं. शेठ मला काही बोलले नाहीत, पण त्यांनी बाक माझ्या टेबलाजवळून हलवला नाही, म्हणजे बसणाऱ्यांना बघता यावं.

खरं सांगायचं तर मनातून मी खूश होते. एका मुलीचा संसार सांभाळला, त्यासाठी आपलं नाव पणाला लावलं, असं मला वाटे. काम करता करता कधी ते आठवलं की पाठ जरा ताठ व्हायची.

पुढच्या मे महिन्यात एका मंगळवारी शोभा एकटीच आली. बाकावर बसली, पाणी प्यायली.

"ताई, ते जुनं घड्याळ टाकून दिलंत का?"

टाकलं नव्हतं. मी ते साफ करून, तेल घालून खणात ठेवलं होतं.

"कुणासाठी हवंय?"

"मलाच. अंबरनाथच्या आनंदनगरला, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले मी. यांनीच अर्ज आणून दिला. गेटवर पाच मिनिटं उशीर झाला तर परत पाठवतात. आणि यांचं खरं घड्याळ कपाटात आहे. ओरखडा पडेल म्हणून स्वतःही घालत नाहीत, लग्नकार्यालाच काढतात."

मी खणातून घड्याळ काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने ते उचललं नाही.

"मला माहीत होतं, ताई."

"काय?"

"हे खोटं आहे ते. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाले, तुला ठाऊक असावं, उद्या कुणी बोललं तर गडबडू नकोस. त्यांनी चांगल्यासाठीच सांगितलं." ती बोटाने काचेवर रेघ ओढत होती. "पाच वर्षं, ताई. हे घरी आले की घड्याळ काढून टीव्हीवर ठेवायचे. कुणी पाहुणा टीव्हीपाशी गेला की माझं काम थांबायचं. दिराच्या साखरपुड्यात एका सोनाराने यांचा हात धरून निरखून बघितलं. मी ताट घेऊन आत गेले ती बाहेरच आले नाही. हे सर्व्हिसिंगला टाकतो म्हणायचे, तर मी म्हणायची, चालतंय ना, कशाला उगाच खर्च."

तेल वाळलं होतं ते यामुळे. मी माझ्या हिशोबात विकणारा धरला होता आणि घेणारा धरला होता. ही कुठेच नव्हती.

"त्या दिवशी इथे आलो तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही सांगणार," ती पुढे म्हणाली. "भीती वाटत होती, पण वाटलं, सांगू दे. एकदाचं सुटेल. मग तुम्ही ते बोललात. आता घरात तुमचा विषय निघाला, की सासूबाई तुम्हाला काय काय म्हणतात. आणि मी खाली बघून भाजी निवडते."

पाठ ताठ करून मिरवलेलं सगळं तिच्यासमोर काचेवर पडलं होतं. मी एवढंच म्हटलं, "मला वाटलं तुझं भलं होईल."

"झालंच की. भांडण टळलं." ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली. "पण मी यांना सांगणार आहे कधीतरी. मला जमेल तेव्हा. तुमची हरकत नाही ना?"

"माझी कसली हरकत? खरं म्हणजे मीच..."

"नको. मी सांगेन."

मग तिने घड्याळ उचललं, डायलवर नख ठेवलं आणि विचारलं, "हे नाव पुसता येतं का?"

मी काटे काढले, डायल काढली. कॅम्प पाचच्या छपाईला फारसा जोर नव्हता. कापसाच्या बोळ्यावर थोडा थिनर घेऊन दोनदा फिरवला तर नाव निघालं. खाली पांढऱ्यावर जरा फिकट डाग राहिला. "दिसतो थोडा," मी म्हटलं. ती म्हणाली, "राहू दे." मी डायल परत बसवली, वेळ लावली. पट्टा पुरुषी, तिच्या मनगटाला सैल होता. त्याला आणखी दोन भोकं पाडून दिली. ती पैसे देऊ लागली, मी घेतले नाहीत, यावर थोडा वाद झाला आणि शेवटी तिने भोकांचे पैसे शेठच्या हातात दिले.

शेठना मी तेव्हाच सांगितलं, की खालच्या खणाचं काम आजपासून माझ्याकडे नको. ते माझ्याकडे बघून, मग शोभाकडे बघून, पुन्हा आपल्या वहीत बघू लागले. पुढे त्यांनी त्या कामाला दुसरा कारागीर ठेवला. खालचा खण काही बंद झाला नाही, आणि माझ्यामुळे तो बंद झाला असता असा माझा समजही नाही.

शोभाने मनगट वळवून वेळ बघितली. "गेली असेल माझी बस," ती म्हणाली, आणि पुढच्या बसपर्यंत बाकावर बसून राहिली. हात काचेवर ठेवला होता, घड्याळ वर. शेजारी पट्टा बदलायला आलेल्या एक बाई वाकून तिच्या हाताकडे बघू लागल्या. मी चिमटा खाली ठेवला. शोभाने हात हलवला नाही.

"छान आहे हो. कुठल्या कंपनीचं?" बाईंनी विचारलं.

"बाबांनी दिलंय," शोभा म्हणाली.